बाबांचा आवाज आधी, फॉर्म नंतर

पत्र :

ताई, नमस्कार.

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या हातातून वस्तू पडायला लागल्या, मग जीभ जड झाली. मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टनी मोटर न्यूरॉन डिसीज सांगितला. गोळ्यांनी आजाराचा वेग थोडा कमी होईल, पण आजार मागे फिरणार नाही, हेही सांगितलं. बाबांना आजाराचं नाव माहीत आहे. पुढचं त्यांच्याशी कोणी बोललेलं नाही.

भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने एका अमेरिकन साइटची लिंक पाठवलीय. व्हेंटिलेटर हवा की नको, नळी हवी की नको अशी उत्तरं भरत गेलं की शेवटी 'ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह' तयार होऊन मिळतं. तो म्हणतो, 'रविवारी व्हिडिओ कॉलवर बसू, अर्ध्या तासात भरून टाकू. बाबांच्या फोनवर ओटीपी येईल तेवढा सांग.' आई म्हणते, घरात असलं बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते. असं ऑनलाइन भरलेलं आपल्याकडे चालतं का? आपल्याकडचं एखादं ॲप आहे का? नाहीतर बाबांचा नुसता व्हिडिओ काढून ठेवला तर?

– एक मुलगी, सांगली

उत्तर :

तुमच्या सरळ प्रश्नांची सरळ उत्तरं आधी देते. तो अमेरिकन फॉर्म आपल्याकडे कायदेशीर कागद म्हणून चालणार नाही. तो तिथल्या एखाद्या राज्याच्या कायद्याला धरून बेतलेला असतो. नुसता व्हिडिओही पुरत नाही, पण तो जरूर काढा, का ते पुढे सांगते. आणि भरून पाठवलं की काम संपलं असं ॲप आपल्याकडे असू शकत नाही, कारण शेवटची पायरी कागदावर, साक्षीदारांसमोर आणि नोटरीपुढेच चढावी लागते.

कायदा थोडक्यात असा. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा उपचार थांबवू देण्याची वाट किलकिली केली. ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला गेला आणि लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, मान्य झालं. पण तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. आजारी माणसाला घेऊन कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट काढली. आता सज्ञान, शुद्धीत असलेल्या माणसाने स्वखुशीने लिहिलेला कागद, त्यावर दोन साक्षीदारांसमोर सही (साक्षीदार शक्यतो नात्याबाहेरचे) आणि नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का एवढं पुरतं. आपल्याला बोलता आलं नाही तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, त्यांची नावं त्यात हवीत, आणि एकापेक्षा जास्त नावं देता येतात. निकालात स्टॅम्पपेपरची अट नाही. कागद मराठीत असला तरी हरकत नाही, फक्त सोबत इंग्रजी प्रत ठेवा. रात्रपाळीला आयसीयूत असलेला डॉक्टर मुलगा कुठल्याही राज्यातला असू शकतो.

गूगलवर शोधताना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचा फॉर्म हाती लागेल. त्याचंही नाव ॲडव्हान्स डिरेक्टिव्हच, पण तो मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी. तो भरून बसू नका. आणि आईंच्या मनात असेल तर तेही मोकळं करा : इंजेक्शन देऊन कोणाला संपवण्याचा आणि या कागदाचा काही संबंध नाही. ते आपल्याकडे गुन्हाच आहे. हा कागद फक्त एवढंच सांगतो की बरं होण्याची आशा संपल्यावर कोणते उपचार लादू नका. आणि मत बदललं तर तो कधीही लेखी रद्द करता येतो.

हे झालं कागदाचं. पण बाबांच्या आजारात कागद दुसऱ्या नंबरावर आहे, आणि तुमच्या भावाच्या योजनेत नेमकं हेच सुटलंय. इच्छापत्र कामाला येतं ते माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा. मोटर न्यूरॉनमध्ये हात जातात, जीभ जाते, पण बहुतेकांची बुद्धी शाबूत राहते. (सगळ्यांची नाही. काहींच्या विचारात, वागण्यात फरक पडतो. तो आहे का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. घाई करायला सांगते आहे त्याचं एक कारण हेही आहे.) बाबा पापणी मिटून 'हो' आणि डोळे वर करून 'नाही' म्हणू शकतात तोवर कायद्याने आणि माणुसकीनेही त्यांचाच शब्द चालायचा, कागदाचा नाही. मग आज तुमच्या हातातलं सगळ्यात मोलाचं डिजिटल साधन कुठलं? फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर.

या आठवड्यातच सुरू करा. सकाळी, झोप झालेली असताना, पंखा बंद करून. संध्याकाळी त्यांची जीभ जास्त जड होत असणार. शब्दकोश वाचून घेऊ नका. बाबांची जी वाक्यं आहेत ती घ्या. आईंना मारायची हाक, नातवाला चिडवायचं नाव, क्रिकेट बघतानाची शिवी, 'चहात साखर घातलीस का' हा रोजचा संशय. आणि 'पाठ वळवा', 'मान दुखतेय', 'मला घुसमटल्यासारखं होतंय', 'आता सगळे जरा बाहेर जा' अशी वाक्यं, जी पुढे रोज लागतील. एकेका वाक्याची वेगळी फाइल करून तिला मराठीत नाव द्या. एसटीतल्या माणसाला सुरुवात करून द्यायला एक सोपी युक्ती आहे : स्टँडवर माइकवरून ते जी घोषणा करायचे ती आधी म्हणायला सांगा. सांगली-कोल्हापूर विनाथांबा कुठल्या फलाटाला लागली ते त्यांच्या आवाजात एकदा रेकॉर्ड झालं की पुढचं ते स्वतःच सुचवतील.

आयफोनमध्ये २०२३ पासून स्वतःच्या आवाजाची प्रतिकृती करण्याची सोय आली, पण ती इंग्रजीपासून सुरू झाली. तुमच्या भावाला तिचा मोह पडेल, तुम्ही तिच्यात वेळ घालवू नका. अँड्रॉइडवर मराठीत टाइप केलेलं फोन वाचून दाखवतो. आवाज परका असतो, पण बोटं चालतायत तोवर काम भागतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप चित्राला हात लावला की मराठीत बोलतं. ते मूळ मुलांसाठी केलेलं आहे, म्हणून बाबा कदाचित नाक मुरडतील. बोटंही गेली तर कागदाचा तक्ता लागेल. त्यात आपल्या वर्णमालेचा फायदा आहे, ती आधीच गटांत लावलेली आहे. 'क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग?' असं विचारत जायचं, डोळ्यांनी होकार आला की त्या वर्गातलं अक्षर शोधायचं. सुरुवातीला फार हळू वाटतं, महिन्याभरात घरातले सगळे निम्म्या शब्दावरून ओळखायला लागतात. हे आत्ताच, गरज पडायच्या आधी, खेळ म्हणून खेळून बघा. एखादा चांगला वाचोपचारतज्ज्ञ हे सगळं माझ्याहून नीट लावून देईल.

आता आईंच्या वास्तूकडे येते. त्यांना चूक म्हणणार नाही. बरीच वर्षं मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते आणि 'शुभ बोला' म्हणून गप्प केलेली माणसं मी खूप पाहिली, पण गप्प करणाऱ्यांमध्ये निर्दय माणूस क्वचितच होता. बहुतेक घाबरलेले होते. वास्तू तथास्तु म्हणत असेल तर वास्तूबाहेर बोला. बाबांना गाडीत घालून हरिपूरच्या संगमावर न्या, गाडी सावलीत लावा, आईंना मागे बसवा. समोर कृष्णा-वारणा असल्या की एकमेकांकडे न बघता बोलता येतं, आणि असल्या बोलण्यात त्याची मदतच होते.

तिथे व्हेंटिलेटरपासून सुरुवात करायची नाही. पहिला प्रश्न : 'बाबा, या आजारात पुढे काय काय होतं ते तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' काही माणसांना सगळं हवं असतं. काही म्हणतात, तू आणि डॉक्टर बघा. तेही उत्तरच आहे, ते मान्य करा आणि मग फक्त 'तू' म्हणजे नक्की कोण, एवढं विचारून घ्या. जाणून घ्यायचं असेल तर मग विचारा, काय गेलं तर चालवून घ्याल आणि काय गेल्यावर नको वाटेल? तोंडाने चहा पिता येणं, घरात असणं, माणसं ओळखता येणं, कोणी न बघता अंघोळ होणं. प्रत्येकाची यादी वेगळी निघते आणि मुलांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या डॉक्टर रिबेका सुडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली 'प्रिपेअर फॉर युअर केअर' नावाची साइट आहे. असं बोलणं घरात कसं काढायचं हे तिथे साध्या व्हिडिओंतून दाखवलंय. भावाला सांगा, फॉर्म राहू दे, ते व्हिडिओ तू बघ. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहेत, पण त्यातली कुटुंबं आपल्यासारखीच अडखळतात. तिथले फॉर्म मात्र तिथेच ठेवायचे.

'हवं की नको' अशा चौकोनांवर माझा राग आहे तो यासाठी की मोटर न्यूरॉनमधले निर्णय एकगठ्ठा नसतात. पोटातून घालायची जेवणाची नळी हा एक निर्णय. ती घालायची असेल तर श्वास फार कमजोर होण्याआधी घालणं सुरक्षित असतं, त्यामुळे 'गिळता येईनासं झाल्यावर बघू' ही मुदत चुकीची आहे. रात्री तोंडावर मास्क लावून श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन हा दुसरा. ते घरी वापरता येतं आणि बऱ्याच जणांना त्याने शांत झोप लागते. गळ्याला छेद देऊन कायमचा व्हेंटिलेटर हा तिसरा, आणि तो जात्याच वेगळा आहे. त्यावर माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो. आजार मात्र पुढे सरकत राहतो आणि चोवीस तास, डोळ्यात तेल घालून, कोणीतरी शेजारी लागतं. बाबा पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही म्हणू शकतात. किंवा तिन्हींना हो म्हणू शकतात. त्यात काही कमीपणा नाही. 'आठ दिवस करून बघा, नाही जमलं तर काढा' असंही म्हणू शकतात. यातला पैशाचा भागही बाबांसमोर बोला. बाप मुलांपासून पैशाची काळजी लपवतो, मुलं बापापासून खर्च लपवतात, आणि नकार दिला तो आजारापोटी की खर्चापोटी हे शेवटपर्यंत कळत नाही.

बोलणं झालं की डॉक्टरांकडे, आणि मग लिहा. लिहिताना एआयकडून मसुदा करून घेतलात तरी माझी हरकत नाही, पण तो अमेरिकन शब्द आपल्या कायद्यात घुसडतो, म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी एकदा वाचलाच पाहिजे. 'मला यातना नकोत' असं मोघम लिहू नका, त्यातून डॉक्टरला काहीच करता येत नाही. असं लिहा : 'मला रात्री बायपॅप चालेल. गळ्याला छेद देऊन कायम व्हेंटिलेटरवर ठेवू नये. घाईत श्वासाची नळी घातली गेली असेल आणि मी शुद्धीवर असेन, तर मला विचारून पुढचं ठरवावं. मी विचारण्याच्या स्थितीत नसेन तर खाली नाव दिलेल्यांना विचारावं. धाप आणि वेदना कमी करणारी औषधं, गुंगी आली तरी, द्यावीत.' सही करताना त्याच खोलीत व्हिडिओ काढा : बाबा स्वतःच्या शब्दांत सांगतायत, साक्षीदार दिसतायत. कायद्याची सही तो व्हिडिओ भागवणार नाही, पण पुढे मुंबईच्या काकांनी 'आमचा भाऊ असं म्हणणंच शक्य नाही' म्हटलं की भांडण तिथेच थांबतं. सही आत्ताच्या हाताने होते आहे तोवर करून घ्या. नोटरी घरी येतो का ते फोनवर आधी विचारा, बरेच येतात.

त्यानंतर खरा डिजिटल भाग, आणि तो छोटा आहे. एक प्रत, नावं दिलेल्या दोघांकडे. एक घरच्या डॉक्टरांकडे. एक महापालिकेकडे : न्यायालयाने प्रत्येक स्थानिक संस्थेने असा कागद सांभाळायला अधिकारी नेमावा असं सांगितलंय, आणि मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यावर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. आरोग्य विभागात विचारा. खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नसलं तर निकालाची प्रत आणि अर्ज पुढे करा आणि आवक-जावकची पोच घेतल्याशिवाय हलू नका. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. खिडकीवर हुज्जत घालताना ही माहिती उपयोगी पडते.

२०२३ च्या आदेशात असंही आहे की हा कागद स्वतःच्या डिजिटल आरोग्य नोंदींत जोडता येतो. म्हणजे बाबांचं चौदा आकडी आभा, म्हणजे सरकारी आरोग्य नोंदींचं, खातं असेल तर स्कॅन तिथे चढवा, डिजिलॉकरमध्येही ठेवा. मात्र रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला डॉक्टर तुमचं आभा उघडत बसणार नाही, आणि ओटीपी ज्या फोनवर येणार तो फोन बाबांच्या उशाशी घरीच राहिलेला असेल. म्हणून बाबांच्या, आईंच्या आणि तुमच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहितीत आजाराचं नाव, डॉक्टरांचा नंबर आणि 'वैद्यकीय इच्छापत्र केलेलं आहे' हे टाका. फोन न उघडता ती दिसते. छापील प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये फ्रिजवर. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकू नका. गोपनीयता आहेच, शिवाय दुसरी अडचण अशी की एकाहून जास्त इच्छापत्रं सापडली तर शेवटी सही केलेलं ग्राह्य धरतात. ग्रुपवर टाकलेली जुनी पीडीएफ कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये राहतेच आणि नको त्या वेळी वर येते. फाइलच्या नावात तारीख घाला, जुन्या प्रती मागून घेऊन फाडा. बाबांना हे समजवायला जड जाणार नाही. पेन्शनसाठी दरवर्षी जीवन प्रमाण देणाऱ्या माणसाला मोबाइलवरून स्वतःबद्दल सरकारला सांगण्याची सवय असते.

एवढं सगळं केलं तरी एक गोष्ट कुठलीही साइट तुम्हाला सांगत नाही. इच्छापत्र दाखवलं की मशीन लगेच बंद होतं असं नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरसह दुसरं मंडळ, दोघांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि मग. १०८ ची गाडी बोलावलीत तर ती माणसं त्यांना शिकवलेलं करणार, आणि ते योग्यच आहे. म्हणून मोटर न्यूरॉनच्या घरात खरी योजना हवी ती धाप लागेल त्या रात्रीची. कोणाला फोन करायचा, बायपॅपचं बटण कोण लावणार, कुठलं औषध किती द्यायचं, कुठल्या परिस्थितीत रुग्णालयात न्यायचं आणि कुठल्या परिस्थितीत बाबांना न्यायचं नाही. हे न्यूरॉलॉजिस्टबरोबर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास आणि वेदना शमवणाऱ्या, डॉक्टरांना बसवून लिहून घ्या. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटच्या दोन दिवसांचं काम नव्हे, आत्तापासून सुरू करायचं. व्हिडिओवरून सल्ला मिळतो, पण एक लक्षात ठेवा : धाप शमवायला दिलं जाणारं मॉर्फिन २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे ऑनलाइन चिठ्ठीवर देता येत नाही. त्यासाठी कोणाला तरी प्रत्यक्ष भेटावं लागेल, आणि ती ओळख आधी झालेली बरी.

भावाला दुखवू नका. इतक्या लांबून फॉर्म भरणं एवढंच त्याच्या हातात आहे असं त्याला वाटत असणार. त्याला खरं काम द्या : रेकॉर्डिंगच्या फाइली लावून ठेवणं, इंग्रजी प्रत करणं, डॉक्टरांच्या भेटीला व्हिडिओवर हजर राहून टिपणं काढणं. बाबांच्या वतीने बोलणाऱ्यांत त्याचं नाव असू दे, पण दुसरं नाव तासाभरात मिरजेला पोहोचू शकणाऱ्याचं हवं. तुमचं असेल तर बाबांनी ते त्याच्यासमोर म्हणू दे. रविवारचा कॉल रद्द करू नका, फक्त ओटीपी देऊ नका. त्या वेळात बाबांची रेकॉर्डिंगं करा, प्रश्न त्याला विचारू दे. आणि पुढच्या अपॉइंटमेंटसाठी डॉक्टरांच्या सहायकाला आजच फोन करून सांगा की या वेळी अर्धा तास लागेल, पेशंट स्वतः बोलणार आहेत आणि ते हळू बोलतात.